मुलांच्या हाती आधी कोरी डमी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की ‘बाललेखक घडवा’ छापाच्या जाहिराती सुरू होतात. पैसे भरा, मुलाने लिहिलेली गोष्ट द्या, रंगीत पुस्तक, आयएसबीएन क्रमांक आणि प्रमाणपत्र घ्या, असा हा मामला असतो. सातवी-आठवी ते अकरावी-बारावीतल्या ज्या मुलामुलींना लहानग्यांसाठी चित्रपुस्तक लिहावेसे मनापासून वाटते, त्यांची यात फसगत होते. पुस्तक छापून येते, पण पुस्तक कसे घडते हे मात्र त्यांना कोणीच दाखवत नाही. बालपुस्तकांच्या संपादनाचे काम करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत ते अशा विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहू पाहणाऱ्या शिक्षक, पालक आणि ग्रंथपालांसाठी. खर्च फारसा नाही. आठवड्यातून एक तास, असे आठ-दहा आठवडे द्यायची तयारी हवी.

पहिले दोन आठवडे लिहायचेच नाही, वाचायचे. वीस-पंचवीस चित्रपुस्तके गोळा करावीत. ज्योत्स्ना प्रकाशनाची, नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली, चेन्नईच्या तूलिकाची मराठी पुस्तके वाचनालयात मिळू शकतात. जवळ वाचनालय नसेल तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा फोनवर फुकट वाचता येतात. तिथे पुस्तकांच्या चार पातळ्या केलेल्या आहेत: पहिलीत साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरीत ६०० पर्यंत, तिसरीत १५०० पर्यंत आणि चौथीत त्याहून जास्त. नवशिक्याने पहिल्या दोन पातळ्यांतच राहावे.

नुसते वाचून मात्र भागत नाही. एक पुस्तक घ्यावे, त्यातला मजकूर कागदाच्या पट्टीने झाकावा आणि विद्यार्थ्याला फक्त चित्रांवरून गोष्ट सांगायला लावावे. मग त्याला डोळे मिटायला सांगून मजकूर वाचून दाखवावा. चित्रात होते पण शब्दांत नव्हते असे काय, आणि शब्दांत होते पण चित्रात नव्हते असे काय, याच्या दोन याद्या वहीत कराव्यात. शेवटी त्या पुस्तकाचा सगळा मजकूर हाताने उतरवून काढावा. चाळीस ओळींच्या आत तो संपतो हे पाहून मुले चकित होतात. एवढे एक काम केले तरी पुढचे निम्मे समजावून सांगावे लागत नाही.

मग गोष्ट. इथे सर्वांत मोठी अडचण आपण मोठी माणसेच उभी करतो. पर्यावरण, स्वच्छता, मोबाइलचे दुष्परिणाम असे विषय आपण देतो, स्पर्धांच्या नियमावलीत ‘गोष्टीतून बोध मिळावा’ असे छापतो आणि मग मूल तात्पर्यापासून उलटे चालत गोष्ट रचते. तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठीच्या गोष्टीला एक पात्र, त्याला हवी असलेली एक गोष्ट आणि मधला एक अडथळा एवढे पुरते. हवे ते हाताला लागेल, डोळ्यांना दिसेल असे असावे. ‘तिला यश हवे होते’ याचे चित्र काढता येत नाही. ‘तिला दप्तर हवे होते आणि दप्तरावर मांजर झोपले होते’ याचे काढता येते.

हेच उदाहरण पुढे नेऊ. विद्यार्थ्याचा पहिला खर्डा बहुतेक वेळा असा येतो: ‘एका सुंदर गावात मीरा नावाची एक गोड मुलगी राहत होती. तिच्याकडे एक पांढरीशुभ्र मांजर होती. तिचे नाव मनी होते. मीराचे मनीवर खूप प्रेम होते. एके दिवशी सकाळी मीरा शाळेत जायला निघाली, तेव्हा तिला दिसले की मनी तिच्या दप्तरावर झोपली आहे.’ यात चुकीचे असे काहीच नाही, फक्त ते चित्रपुस्तक नाही. गाव, मुलगी, मांजराचा रंग, सकाळ हे सगळे पहिल्या चित्रात दिसणार आहे. ‘गोड’ आणि ‘सुंदर’ ही लेखकाची मते आहेत, ती मुलाने चित्र पाहून स्वतः बनवायची. ‘खूप प्रेम होते’ हे पुढच्या पानांवर मीरा जे करते त्यातून कळायला हवे. जोडपानावर, म्हणजे उघड्या पुस्तकातल्या समोरासमोरच्या दोन पानांवर, उरते ते एवढेच:

दप्तरावर मनी.
‘मने, ऊठ.’
मनी उठेना.

‘मनी उठेना’ हे पालुपद झाले. तिसऱ्यांदा ते यायच्या आधीच ऐकणारी मुले ते स्वतः म्हणू लागतात. आता प्रत्येक पानावर एक प्रयत्न आणि प्रत्येक प्रयत्न आधीच्यापेक्षा थोडा मोठा. मीरा वाटी वाजवते, दादा दोरा हलवतो, बाबा दप्तरच उचलतात. दप्तराबरोबर मनीही वर जाते, कारण तिने नख्या पट्ट्यात रुतवल्या आहेत. नख्यांबद्दल मजकुरात एक अक्षर नको, तो चित्राचा वाटा.

हा खर्डा वहीत तसाच पुढे लिहीत न्यायचा नाही. इथे डमी, म्हणजे पुस्तकाचा कोऱ्या कागदांचा हाताने केलेला कच्चा नमुना, हातात घ्यायची. चार ए-फोर कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडले की १६ पानांची पुस्तिका होते. साधा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचत नाही, म्हणून शिवावे. घडीवर टोच्याने तीन भोके पाडावीत. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, बाहेरून वरच्या भोकातून आत, तिथून मधले भोक सोडून थेट खालच्यातून बाहेर, आणि शेवटी मधल्या भोकातून पुन्हा आत आणून सुरुवातीच्या टोकाशी गाठ मारावी. दहा मिनिटांचे काम आहे. अशा चार-पाच डम्या एकदमच करून ठेवाव्यात, कारण पहिली वाया जाणार हे मुलाला आधीच माहीत असलेले बरे.

पानांना क्रमांक घालताना हिशेब नीट समजावून सांगावा. मुखपृष्ठ वेगळे. आतले पान १ उजव्या हाताला येते, त्यावर शीर्षक, लेखक आणि चित्रकाराचे नाव. पान २ वर प्रकाशनाचा तपशील. गोष्ट सुरू होते पान ३ वर, एकट्या उजव्या पानावर. मग ४-५, ६-७ अशी १४-१५ पर्यंत सहा जोडपाने आणि शेवटी पान १६ एकटे. म्हणजे गोष्टीला एकूण चौदा पाने मिळाली. २४ पानांचे पुस्तक करायचे तर जोडपाने दहा होतात. मधोमध पिना मारलेल्या पुस्तकाची पाने नेहमी चारच्या पटीत असतात आणि छापखान्यात फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापला जाणारा पानांचा गट, साधारणपणे आठ किंवा सोळा पानांचा लागतो. त्यामुळे ‘माझे पुस्तक अठरा पानांचे आहे’ असे कोणी म्हणाले तर एक तर दोन पाने कापावी लागतात, नाही तर आणखी दोन भरावी लागतात. हे बंधन विद्यार्थ्याला सुरुवातीलाच कळले की त्याचे विचार आपोआप आटोपशीर होतात.

आता पान उलटण्याविषयी. मार्गदर्शकाने या कामात सर्वांत जास्त वेळ इथे घालवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पान उलटते ते उजव्या पानाच्या शेवटी, म्हणजे ३, ५, ७, ९ अशा विषम पानानंतर. म्हणून प्रश्न, हाक, अर्धवट कृती, दाराची कडी वाजणे, जे काही पुढची उत्सुकता लावते ते विषम पानाच्या तळाशी यावे आणि उत्तर पलीकडच्या सम पानावर. नवशिके लेखक हमखास प्रश्न पान १२ वर आणि उत्तर समोरच्या १३ वर टाकतात. मोठा माणूस प्रश्न वाचत असतो आणि मांडीवरचे मूल तोवर समोरच्या चित्रात उत्तर पाहून मोकळे झालेले असते. मीराच्या गोष्टीत १३ च्या तळाशी ‘पीं पीं! व्हॅन आली. आता?’ एवढेच. पान उलटल्यावर १४-१५ वर मीरा मनीखालून एकेक वही हळूच ओढून बाजाराच्या कापडी पिशवीत भरते आहे. पान १६ वर शब्दच नाहीत: दुसऱ्या दिवशीची सकाळ, दप्तर रिकामे पडलेले आणि मनी कापडी पिशवीवर गाढ झोपलेली. शेवट चित्रावर सोडायला मुले घाबरतात, तिथे ‘अशा प्रकारे मीराने युक्तीने…’ असे वाक्य जोडतात. ते खोडायला सांगण्याऐवजी त्यावर बोट ठेवून डमी एकदा लहान मुलाला दाखवावी. हसू चित्रावर येते की वाक्यावर, हे लेखकाने स्वतः पाहावे.

मजकूर डमीत थेट लिहू देऊ नये. चिठ्ठ्यांवर लिहून पानावर हलकेच चिकटवावा, म्हणजे तो पुढे-मागे हलवता येतो. चित्रेही पेन्सिलीने, काड्यांच्या माणसांची. या टप्प्यावर रंगपेटी लपवून ठेवावी म्हटले तरी चालेल. होते काय, की मूल पहिल्या पानाचे सुंदर रंगीत चित्र ड्रॉइंग पेपरवर तीन दिवस खपून काढते आणि मग ते पान गोष्टीला नको असले तरी त्याला ते टाकवत नाही. गोष्ट चित्राभोवती वाकवली जाते आणि बिघडते.

शब्द किती? चौदा पानांच्या गोष्टीला साधारण १५० ते २५० शब्द पुरतात आणि एका जोडपानावर ३०-३५ च्या वर जाऊ नये. मोठ्याने, सावकाश, चित्रे दाखवत वाचायला चार-पाच मिनिटे लागावीत. पुस्तक कोण वाचणार हे आधी ठरवावे. मोठ्यांनी वाचून दाखवायचे असेल तर ‘चिक्कार’, ‘घट्ट’, ‘उंबरठ्यावर’ असे शब्द बिनधास्त यावेत, कारण ते कानाने शिकले जातात. पहिली-दुसरीतल्या मुलाने स्वतः वाचायचे असेल तर जोडाक्षरे कमी, वाक्य चार-पाच शब्दांचे आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा. दोन्ही वाचक एकाच पुस्तकात सांभाळू पाहणारा मजकूर दोघांनाही जड जातो.

मराठीत नादाच्या शब्दांची चंगळ आहे. सुळकन, धप्पकन, टणटण, डुगडुग, लुटुलुटु. हे शब्द चित्राला आवाज देतात, पण एका जोडपानावर एकच. आणि घरात बोलतात तशी बोली येत असेल तर येऊ द्यावी. नांदेडच्या किंवा सावंतवाडीच्या विद्यार्थ्याची आजी पुस्तकात पुण्याची भाषा बोलू लागली की तिच्यातला जीव जातो. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत अशी वाटणी लहान मुलांना सहज पचते.

यमकाचा मोह मात्र पहिल्या खर्ड्यात कटाक्षाने टाळावा. ‘मनी होती गोरीपान, मीरा होती मुलगी छान’ यातले ‘छान’ गोष्टीसाठी आलेले नाही, ते ‘पान’साठी आले आहे. तरीही पद्यातच लिहायचे असेल तर ओळ टाळ्या वाजवत म्हणून पाहावी. प्रत्येक ओळीला टाळ्या सारख्या पडल्या पाहिजेत आणि बोलताना जो शब्द जिथे येतो तिथेच तो ओळीतही आला पाहिजे.

चित्रे विद्यार्थी स्वतः काढणार असेल तर आधी पात्राचा एक तक्ता करून घ्यावा: समोरून, बाजूने, पाठमोरी, बसलेली मीरा आणि दाराच्या चौकटीशेजारी उभी, म्हणजे उंची ठरते. तक्ता नसला की तिसऱ्या पानावर वेणी दोनाची एक होते, फ्रॉकचा रंग बदलतो आणि मूल विचारते, ‘ही कोण आता?’ सगळी चित्रे एकाच अंतरावरून काढलेली नसावीत. एखादे जोडपान लांबून, एखादे मनीच्या एका उघड्या डोळ्याइतके जवळून. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून पुढे निघालेले पात्र उजवीकडे तोंड करून जावे. परतताना डावीकडे. चेहरा किंवा हात जोडपानाच्या घडीत येऊ देऊ नये. १६ पानांच्या पुस्तकात फक्त ८-९ हे मधले जोडपान एकसंध कागदावर असते. बाकीच्या जोडपानांचे दोन अर्धे भाग वेगवेगळ्या कागदांवर छापले जातात आणि शिवताना थोडे तरी सरकतातच. मजकुरासाठी मोकळी जागा चित्रातच राखायची. गडद झाडीवर काळी अक्षरे छापली की ती वाचताच येत नाहीत. देवनागरीत वर वेलांटी आणि खाली उकार असल्याने ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर सोडावे लागते. अक्षराचा आकार १८ ते २४ पॉइंट ठेवावा. छपाईसाठी चित्राला कापाच्या बाहेर तीन मिलिमीटर रंग वाढवून ठेवावा, नाही तर कडेला पांढरी रेघ दिसते.

विद्यार्थी चित्रे काढत नसेल तर वर्गातल्या चित्र काढणाऱ्याशी जोडी जमवावी. त्या वेळी लेखकाने चित्रकाराला प्रत्येक पानावर सूचना देऊ नयेत. शब्दांत नसलेली पण गोष्टीला अत्यावश्यक असलेली गोष्टच कंसात एका ओळीत लिहावी, जशी वरची नख्यांची. ‘मीराचा फ्रॉक गुलाबी, भिंतीवर घड्याळ’ हे ठरवणे चित्रकाराचे काम. स्टोरीवीव्हरवर चित्रसंग्रहातली चित्रे घेऊन गोष्ट रचायचीही सोय आहे. सरावाला ती चांगली आहे, पण उपलब्ध चित्रांना शोभेल अशी गोष्ट लिहायची सवय लागू शकते, एवढे भान ठेवावे.

मार्गदर्शकाने कधी काय बोलावे, यालाही क्रम आहे. पहिल्या फेरीत फक्त गोष्ट, दुसऱ्या फेरीत पान कुठे उलटते ते, तिसऱ्या फेरीत शब्द आणि शुद्धलेखन अगदी शेवटी. पहिल्याच खर्ड्यावर लाल पेनने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले की मूल पुढच्या वेळी सोपे, चुकणार नाहीत असेच शब्द वापरते आणि गोष्ट फिकी पडते. पेन मार्गदर्शकाच्या हातात नसावे. ‘हे असे कर’ यापेक्षा ‘मीराला या पानावर काय हवे आहे?’, ‘हे वाक्य काढले तर चित्रावरून कळेल का?’ हे दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावेत. खर्डा झाल्यावर आठवडाभर त्याला हात लावू नये. आणि विद्यार्थी अल्पवयीन असल्याने भेटी शाळेत किंवा वाचनालयात, उघड्या दाराने, पालकांना सांगूनच व्हाव्यात.

डमी तयार झाली की ती बालवाडीत किंवा अंगणवाडीत तीन ते पाच मुलांना वाचून दाखवावी. लेखकाने स्वतः वाचू नये, कारण तो आवाजाने कच्च्या जागा सावरून घेतो. दुसऱ्या कोणी तरी वाचावे आणि लेखकाने मागे बसून दुसऱ्या प्रतीत खुणा कराव्यात: मूल इकडेतिकडे पाहू लागले तिथे फुली, चित्रावर बोट ठेवले तिथे टिंब, पान उलटायला हात पुढे आला तिथे बाण. नंतर ‘आवडली का?’ विचारण्यात अर्थ नाही, सगळी मुले ‘हो’ म्हणतात. डमी त्यांच्या हातात देऊन ‘आता तू सांग’ म्हणावे. जिथे ती अडतात ते पान दुरुस्त करायचे. असे दोन वेगवेगळ्या दिवशी करावे, कारण चित्रपुस्तक पुन्हा पुन्हा वाचले जाते आणि दुसऱ्या दिवशी मुले पळून गेली तर गोष्ट अजून कच्ची आहे.

छपाईच्या जाहिरातींबद्दल पालकांनी एवढे लक्षात घ्यावे. आयएसबीएन हा पुस्तकाला दिलेला क्रमांक आहे, ती गुणवत्तेची पावती नाही. भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी वेगळे पैसे कोणी मागत असेल तर कारण विचारावे. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार अल्पवयीन व्यक्ती करार करायला पात्र नसते, त्यामुळे कागदावर पालकाची सही घेतली जाते. सहीपूर्वी तो कागद पूर्ण वाचावा. ‘सर्व हक्क कायमचे’ असे शब्द असतील तर थांबावे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीचे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. मजकुराचा हक्क लेखकाचा आणि चित्रांचा चित्रकाराचा. दोन मुलांनी मिळून पुस्तक केले असेल तर दोघांच्याही पालकांच्या सह्या हव्यात. घाई नसेल तर पाच रंगीत झेरॉक्स प्रती शिवून एक शाळेच्या वाचनालयात, एक अंगणवाडीत आणि उरलेल्या घरी ठेवणे हे पहिल्या पुस्तकासाठी भरपूर आहे.

आपल्या वृत्तपत्राकडेही दोन मागण्या आहेत. बालपुस्तकांच्या परीक्षणात आणि ‘साभार पोच’मध्ये लेखकाबरोबर चित्रकाराचे नाव न चुकता छापावे. चित्रपुस्तकाची निम्मी गोष्ट त्याने सांगितलेली असते, तरी पुष्कळदा त्याचा उल्लेखच नसतो. दुसरी मागणी, रविवारच्या मुलांच्या पानावर सुट्टीत आठ आठवडे एखाद्या विद्यार्थ्याच्या डमीतले एक जोडपान छापावे, पेन्सिलीचे, खाडाखोडीसह, आणि शेजारी त्याच पानाचा आधीचा खर्डा. पहिल्या आठवड्यात १६ पानांच्या घडीची आकृती दिली तर वाचक पोरे त्याच दिवशी कागद दुमडायला बसतील. आकृती आणि पानांचा तक्ता आम्ही करून देऊ.

आपले,
बालपुस्तकांच्या संपादनाचे काम करणारे काही वाचक, पुणे